मोमोच्या सांगाड्यावर हिरण्यकश्यपू

वाचकांची पत्रं, माशेलहून उत्तरं

चवथ झाली, गणपती घडवायच्या चित्रशाळेची जमीन धुऊन झाली. उरलेली माती पिंपात झाकून ठेवली आणि मग पत्रांची पिशवी उघडली. दोन महिन्यांची पत्रं साठली होती, कारण श्रावणात मी कुणालाच उत्तर देत नाही, घरच्यांनासुद्धा. पाच निवडली आहेत. बाकीच्यांना पोस्टकार्ड टाकते.

ताई, मी साखळीला राहतो. मूळ गाव चंदगड तालुक्यात. सहा वर्षांचा असताना आम्ही इकडे आलो, बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. आता कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. खनिजाच्या धुळीने चित्रं काढतो, फोटो काढतो, आवाज रेकॉर्ड करतो, आईबरोबर गोधडी शिवतो. एका प्रदर्शनाच्या अर्जात ‘कलाकाराची पार्श्वभूमी आणि बहुविध माध्यमांतली प्रॅक्टिस’ दीडशे शब्दांत मागितली आहे. मराठीत लिहिलं तरी चालेल म्हणाले. मी लिहिलेलं सोबत जोडतोय. बघाल का?

बघितलं रे बाबा. पहिलं वाक्य असं आहे: ‘माझी बहुविद्याशाखीय सर्जनशील प्रॅक्टिस ओळख, स्मृती आणि विस्थापनाच्या सीमान्त अवकाशाचा वेध घेते.’ मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना गॅसवरचा चहा उतू गेला.

आता तुझं पत्र बघ. पत्राच्या मागच्या बाजूला, जागा उरली म्हणून, तू लिहिलंयस की २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात केबिनमधल्या सीटवर कोंबडी खुडूक बसली. आईने बाबांना सांगितलं, पिल्लं निघेपर्यंत ट्रक विकायचा नाही. हे सगळं पत्रात आहे. अर्जात कोंबडी कुठे गेली?

माझंही असंच झालं होतं, म्हणून इतक्या हक्काने बोलते. पणजीत एका सामूहिक प्रदर्शनात माझी दोन कामं लागणार होती. त्यांनी माहिती मागितली. मी लिहून दिलं: जन्म सावंतवाडी, चितार आळीच्या मागे. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा, बी ग्रेड. १९७८ पासून माशेल. पडदे, गणपती, चित्ररथ, नरकासुर करते. यादी छापून आली तेव्हा माझ्या नावासमोर इंग्रजीत ‘इंटरडिसिप्लिनरी’ असं काहीतरी होतं. ह्यांना विचारलं, हे काय? हे नाटकांची लायटिंग करतात, इंग्रजी कामापुरतं. म्हणाले, ‘शिस्तीबद्दल काहीतरी दिसतंय.’ माझ्याबद्दल आणि शिस्त! आम्ही रात्रभर हसलो.

पण मग मी विचार केला की मी इतकं सगळं का करते. हौसेने? खरं उत्तर सांगते. बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांच्याही आधी आजोबा पेडण्याच्या जत्रांना पडदे घेऊन यायचे, पोर्तुगीज असतानाच. १९५५ साली पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारत सरकारने नाकेबंदी केली, तेव्हा शेजारचा गोवा एकदम परदेश झाला. आजोबांचा राजवाड्याचा एक पडदा हद्दीच्या पलीकडे कुणाच्या तरी माळ्यावर अडकला तो अडकलाच. मुक्तीनंतर बाबा यायला लागले, आधी जत्रेपुरते, मग मला घेऊन कायमचे. माशेलला खोली घेतली. पडद्यांचं काम असतं कार्तिकापासून वैशाखापर्यंत. पावसात जत्रा नाहीत, नाटकं नाहीत, पण भाडं मात्र बारा महिने. म्हणून आषाढ-श्रावणात गणपती. आश्विनात वाड्यावरच्या पोरांना दिवाळीला जाळायच्या नरकासुराचं तोंड करून द्यायचं. नंतर कार्निव्हलचे चित्ररथ, लगेच शिगम्याचे. ही माझी बहुविध प्रॅक्टिस. माध्यम मी निवडलं नाही, महिन्याने निवडलं.

कार्निव्हल आणि शिगमो यांच्यामध्ये कधी दोन आठवडे मिळतात, कधी सहा. दोन मिळाले त्या वर्षी कार्निव्हलच्या राजाचं, किंग मोमोचं, पोट भरायला केलेला लोखंडी सांगाडा तसाच ठेवून वरचा फोम सोलला, आणि त्याच्यावर हिरण्यकश्यपू बसवला. ढेरी तीच, मिशी नवी. लोकांना कळलं नाही. वेल्डरला कळलं, कारण त्याला द्यायचे माझे पैसे वाचले.

हे मजेचं झालं. कामाचं आता सांगते, आणि हे मला कुठल्याच महाविद्यालयात कळलं नसतं (तुझ्या महाविद्यालयाला नावं ठेवत नाही, मला जाता आलं नाही एवढंच). आमच्या घरात दोन कामं होती. एक गंजिफा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे एकशेवीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात बारा पानं. पत्ता तळहातात मावतो. रेघ काढताना मनगट टेकलेलं, श्वास धरलेला, ब्रशला चार केस. दुसरं काम पडदा. मांजरपाटाचे पट्टे शिवून वीस फूट रुंद कापड, त्याला सरस आणि खडूची खळ, मग सरसात उकळलेली रंगाची पूड. इथे रेघ खांद्यातून येते, कधीकधी कमरेतून. जवळून बघितलं तर जंगल म्हणजे हिरवे फराटे. बाबा म्हणायचे, ‘पडदो पुढच्या रांगेसाठी नसता, पाठच्या बाकड्यासाठी असता.’ तर एकाच घरात एक चित्र वीतभरावरून बघायचं आणि एक साठ फुटांवरून. गणपतीचे डोळे आखायला बसले तेव्हा मला हे दोन्ही लागलं. मखराच्या पुढ्यात पाटावर बसलेल्या माणसालाही तो बघतोय असं वाटलं पाहिजे आणि दारातून डोकावणाऱ्यालाही. गंजिफ्याची रेघ काढली तर दारातून डोळा मिटल्यासारखा दिसतो. पडद्याची काढली तर जवळून वटारल्यासारखा. सात-आठ वर्षं मी मधली रेघ शोधत होते.

एक काम दुसऱ्या कामाला काय देतं, ते लिही. ‘मी धूळ, ध्वनी, छायाचित्र आणि वस्त्र वापरतो’ ही वाणसामानाची यादी झाली.

तुझ्या चार गोष्टींपैकी धूळ मला सगळ्यात पटली. तुला कदाचित माहीत असेल, नसेल तर ऐक: बाबांच्या ट्रकातलं खनिज म्हणजे लोहाचा ऑक्साइड. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर जे तांबडं कावीकाम असतं, त्याची काव म्हणजेही तोच लोहाचा ऑक्साइड. दशावतारी तोंड रंगवायचे, तुळशीवृंदावन सारवायचे, त्या गेरूतही तोच. म्हणजे ज्या रंगाने इथल्या भिंती शेकडो वर्षं लाल झाल्या तोच रंग तुझ्या बाबांनी टनावारी बार्जपर्यंत नेला. हे तू एका चित्रात दाखवलंस तर ‘सीमान्त अवकाश’ हा शब्द काढून टाकायला काहीच हरकत नाही.

गोधडीही राहू दे, पण आईचं नाव घालून. ती शिवते आणि तू सही करतोस असं होऊ नये. फोटो बरे असतील, मी बघितले नाहीत. पाचवा जो ‘परफॉर्मन्स’ जोडला आहेस, अंगाला धूळ फासून साखळीच्या बाजारात उभं राहण्याचा, तो तू केलास का अर्जात एक रकाना रिकामा होता म्हणून लिहिलास? केला असशील तर लोक काय म्हणाले ते लिही. केला नसशील तर काट.

मी लिहिलं असतं ते असं. तसंच उतरवू नकोस, वळण बघ:

‘जन्म चंदगड तालुक्यात, सहाव्या वर्षापासून साखळी. वडील खाणीच्या ट्रकवर चालक होते. २०१२ मध्ये ट्रक अंगणात थांबला. त्याच्या हौद्यात उरलेल्या धुळीने मी पहिलं चित्र काढलं, तेव्हा नववं वर्ष होतं आणि रंगपेटी नव्हती. ती धूळ अजून वापरतो. ट्रक चालू नसला तरी पावसात त्याच्या पत्र्याचा आवाज येतो, तो मी चार पावसाळे रेकॉर्ड केला. आई सीट-कव्हरांची गोधडी शिवते, मी तिला हातभार लावतो. केबिनमध्ये एकदा कोंबडीने अकरा पिल्लं काढली.’

पिल्लं किती ते तू लिहिलं नाहीस, अकरा मी टाकली. खरा आकडा घाल. ‘स्थलांतरित’ हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. चंदगड आणि साखळी ही दोन नावं एका ओळीत आली की तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

माझ्या जुन्या तैलचित्रांवर यंदा पांढरी बुरशी आली. ओल्या फडक्याने पुसली तर पसरली. काय करू? (वास्को)

ओलं फडकं लावलंत तिथेच चुकलं. चित्र उन्हात नाही, पण उजेडात, वाऱ्यावर, घराबाहेर न्या. कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने बुरशी हलकेच झटका, नाकाला फडकं बांधून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि चिऱ्याची भिंत ते पाणी सप्टेंबरपर्यंत सोडत नाही. चित्र भिंतीला चिकटून टांगू नका, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, वारा खेळू दे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात तर अजिबात ठेवू नका. खळीत आम्ही मोरचूद घालायचो, कसर आणि बुरशी लागत नाही. पण ते विष आहे, आणि रंगवून झालेल्या चित्रावर काही शिंपडायचं नसतं. रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर हात लावू नका, जाणकाराला दाखवा.

मुलगी बारावीला आहे. पखवाज शिकते, क्रोशाचं विणते, मोबाइलवर छोट्या फिल्मा करते, कविता करते, भिंतीवर रंगवते. आता कला महाविद्यालयात जायचं म्हणते. सासूबाई म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ मलाही काळजी वाटते. तिला एकच काहीतरी धरायला सांगू का? (फोंडा)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, गंजिफा कशाची होते? चिंध्यांची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या कापडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळले की दगडाने घोटायचे, मग गोल कापायचे. नव्या कोऱ्या कापडाचा पत्ता चांगला होत नाही, त्यातली कांजी सुटत राहते. तर चिंध्या असण्यात वाईट काही नाही. खळ मात्र लागते.

खळ आहे का ते असं ओळखा. क्रोशाचा रुमाल पुरा झाला का? फिल्म शेवटपर्यंत जोडून कुणाला दाखवली का? पखवाजाचा ताल चुकला म्हणून तोच तुकडा आठवडाभर वाजवत बसली का? पाचांपैकी दोन गोष्टी ती स्वतःहून पुऱ्या करत असेल तर मुलगी ठीक आहे, उरलेल्या तीन आपोआप गळतील नाहीतर या दोनांत मिसळतील. एकही पुरी करत नसेल तर मग सासूबाईंचं बरोबर.

चित्रकार लक्ष्मण पै मडगावचे. लहानपणी मामांच्या फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग द्यायचे. पुढे मुंबईला जे. जे.मध्ये शिकले, १९५१ पासून दहा वर्षं पॅरिसला राहिले, १९७७ ते १९८७ आपल्याच कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी रागांवर चित्रांची मालिका केली. बासरी आणि सतार वाजवता यायची म्हणून ती चित्रं ‘रागावरची’ नाहीत, रागातूनच आलेली वाटतात. मला संगीत कळत नाही, तरी त्यांच्या रेघेला लय आहे हे दिसतं. तुमच्या मुलीला पखवाज सोडायला लावाल तर ती फिल्मा कशी कापणार? फिल्म कापायची ती मात्रा मोजूनच.

आता व्यवहाराचं. महाविद्यालय पणजीत आल्तिनोला आहे, अभ्यासक्रम चार वर्षांचा, चित्रकला किंवा उपयोजित कला. प्रवेशाला चाचणी असते आणि तिथे कविता विचारत नाहीत, रेखाटन विचारतात. तेव्हा आत्तापासून रोज एक तास समोर दिसेल ते काढायचं: मोरी, चप्पल, आजीचे हात. सासूबाईंनाच बसवा समोर. अर्धा तास हलायचं नाही म्हटलं की त्यांचंही मत जरा बदलेल.

तुम्ही घाटावरून आलात आणि आता आम्हांला कावी शिकवता, कागदाच्या गणपतीवर लेख लिहिता. भायल्यांनी येऊन गोंयची कला विकू नये. जमीन विकून झाली तेवढं पुरे. (बार्देशातला एक वाचक, नाव नाही)

नाव घातलं असतं तरी मी छापलं नसतं, घाबरायचं कारण नव्हतं.

आधी भूगोल. सावंतवाडी घाटाखाली आहे. तिथून आंबोलीचा घाट चढून वर गेलं की घाट लागतो. घाटी म्हणायचं तर म्हणा, पन्नास वर्षं होत आली ऐकते आहे, पण चुकीचं म्हणू नका. कावीही फक्त गोव्याची नाही. कोकणाच्या खालच्या टोकापासून कारवारापर्यंतच्या पट्ट्यात ती आहे. मी पहिली बघितली ती मोरजीला मोरजाईच्या देवळात, बाबांबरोबर पडदा पोचवायला गेले होते तेव्हा.

एवढं बोलून तुमचं एक बरोबर आहे ते कबूल करते. काही वर्षांपूर्वी आसगावच्या एका बंगल्यात मी कावी रंगवली. मालक बाहेरचे, घाई होती, पैसे चांगले. खरी कावी म्हणजे शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू, गूळ हे सगळं पंधरा दिवस मुरवून कुटायचं, भिंतीला गिलावा द्यायचा, त्यावर कावीचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्याने खरवडून आतला पांढरा वर आणायचा. म्हणजे ते रंगवणं नव्हेच, ते काढून टाकणं आहे. आणि मी काय केलं? पांढऱ्या ॲक्रेलिकवर तांबडं ॲक्रेलिक, मास्किंग टेप लावून. तीन दिवसांत झालं. त्यांनी फोटो काढले, खाली ‘पारंपरिक गोमंतकीय कला’ असं लिहिलं. मी काहीच बोलले नाही आणि चेक घेतला. तुम्ही ‘विकली’ म्हणता तेव्हा मला ती भिंत दिसते. त्यानंतर ॲक्रेलिकची कावी केली नाही, पण ती भिंत काही परत घेता येत नाही.

पण कागदाच्या गणपतीचं तुम्ही बोलू नका. पोर्तुगिजांच्या काळात मूर्ती पुजायची चोरी होती, म्हणून काही घराण्यांत कागदावर काढलेला गणपती पुजायचा पायंडा पडला, तो आजही पाळतात. माशेलजवळच्या अशा एका घरात दरवर्षी मी तो काढते. त्यांच्या घरातल्या काढणाऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी स्वतः येऊन विचारलं. मी म्हटलं, मी बाहेरची, चालेल? तर त्या घरच्या आजी देवकीकृष्णाच्या देवळाकडे हात करून म्हणाल्या, ‘तूं भायली जाल्यार आमची देवकी कोण गो?’

खरंच आहे. माशेलची देवकी मूळची चोडणची. तिथून मयेला नेली, मग माशेलला. कडेवर कृष्ण घेऊन उभी आहे, बिऱ्हाड हलवताना बायका पोर घेतात तशी. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये रातोरात प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. त्यांना रहिवासाचा दाखला कुणी मागितला नसावा.

मला मागितला होता. एका कार्यशाळेला शिकवायला बोलावलं, मग पंधरा वर्षांचा दाखला आणा म्हणाले. आणला. मग म्हणाले, जन्मदाखला गोव्याचा नाही. दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. तो मुलगा चांगला होता, चिकणमाती कशी मळायची ते विचारायला माझ्याकडेच आला. शिकवलं. चहाही दिला.

उलट दिशेनेही बघा जरा. आंजेलो द फोन्सेका सांतइस्तेवचे, आपल्या बेटावरचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून आले आणि मेरीला साडी नेसवून चित्रं काढायला लागले. त्या काळच्या गोव्यात काही लोकांना ते खपलं नाही. ते पुण्याला गेले, तिथल्या आश्रमात राहून काम केलं, १९६७ साली पुण्यातच वारले. पुणेकरांनी त्यांना काय म्हटलं असेल, ‘गोवेकर’ म्हटलं असेल. त्यांची चित्रं आता पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आहेत. एकदा जाऊन बघा. साडीचे काठ बघा, ते इकडच्याच बायकांचे आहेत. वामन नावेलकार पोंबुर्फ्याचे, म्हणजे तुमच्याच बार्देशातले. पोर्तुगालला शिकले, मोझांबिकला शिकवलं, परत लिस्बनला येताना आयुष्यभराच्या चित्रांची बॅग हरवली, शेवटी पोंबुर्फ्याला येऊन पुन्हा काढत बसले. त्यांना लिस्बनमध्ये कुणीतरी भायलोच म्हटलं असणार.

जमिनीबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूची आहे. आमच्याही वाड्यावर रविवारी दिल्लीच्या नंबराच्या गाड्या फिरतात. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या उचकटून नेतात आणि हॉटेलात लावतात. गेल्या महिन्यात एकाने मला विचारलं, तुमची ही भिंत विकणार का. भिंत भाड्याची आहे म्हटलं.

आजी, मी चौथीत आहे. नरकासुर पहाटे जाळायचाच असतो, तर इतका छान कशाला रंगवायचा? आमचे दादा लोक रात्रभर रंगवतात. मला मिशी करायला दिली आहे. (कुंभारजुवे)

फार चांगला प्रश्न आहे. माझ्या नवऱ्याने मला हाच प्रश्न लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला विचारला होता. मी म्हटलं, तुम्ही लायटिंग करता ती तरी नाटक संपल्यावर कुठे उरते? ते गप्प झाले, पण मला माझंच उत्तर तितकंसं पटलं नव्हतं.

मी एवढं सांगू शकते की वाईट रंगवलेला नरकासुर जाळताना मजा येत नाही. पोरं नुसती उभी राहतात. चांगला असला की रात्री दोनला त्याच्यासमोर वाजवतात, नाचतात, पहाटे जाळताना एखादं लहान पोर रडतंसुद्धा. एका वर्षी मी डोळे इतके छान केले होते की पोरांनी जाळायच्या आधी ते कापून घेतले. आमच्या माळ्यावर आहेत अजून. उंदरांनी एक खाल्लाय.

आता मिशीचं. कागदाची करू नकोस, दंवाने मऊ होऊन खाली लोंबते आणि मग तो नरकासुर राहत नाही, शाळेतले गुरुजी होतात. नारळाचं सोडण भिजवून कुटून निघतो तो काथ्या घे. काळ्या रंगात बुडवून सुतळीवर टांग, पुरता वाळू दे. आतून तार घालायची, टोकं वर वळवायला. तार कापताना दादाला बोलाव. डाव्या आणि उजव्या बाजूला सारखा काथ्या मोजून ठेव, पण लावताना एक बाजू चार बोटं जास्त वर ठेव. मिरवणुकीत हलत हलत ती बरोबर खाली येते.